काळी पाच

गेल्या वैशाखात चार दिवस मिरजेला बाबांकडे होते. दुपारची जेवणं झाली होती, पंखा गरम वारा फिरवत होता आणि मी माजघरात आईच्या साड्यांच्या घड्या करत बसले होते. कुठली कोणाला द्यायची याचे ढीग लावायचे होते आणि एकही ढीग पुरा होत नव्हता. सोबतीला म्हणून छोट्या स्पीकरवर ल्यूट, म्हणजे युरोपातलं एक जुनं तंतुवाद्य, लावलं होतं. वाइस नावाच्या जर्मन वादकाची तीनशे वर्षांपूर्वीची शोकरचना. आवाज अगदी बारीक ठेवला होता, कारण बाबा आत पडले होते. ते कधी उठून आले ते कळलंच नाही. पेटीवरची खोळ ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी मान वर केली. आई गेली तेव्हापासून, म्हणजे माघापासून, ती खोळ कोणी काढली नव्हती. कोपऱ्यात डांबरगोळ्यांचा वास पसरला. बाबांनी खटके काढले, डाव्या हाताने भाता दोनदा हलवला, उजव्या हाताचं मधलं बोट एका पट्टीवर ठेवलं, ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "पांढरी सहा." मी लगेच फोनवरचा मजकूर पाहिला. बी फ्लॅट मायनर. म्हणजे आपली काळी पाच. "नाही बाबा," मी म्हटलं, "काळी पाच आहे. लिहिलंय इथे." त्यांचं बोट पट्टीवर तसंच होतं. सूर थोडा वेळ चालला आणि भात्यातली हवा संपली तसा खाली बसला. मग त्यांनी बोट उचललं, खटके लावले, खोळ घातली.

"असेल," ते म्हणाले, आणि आत गेले.

पुण्याला परत आल्यावर हे "असेल" माझ्या मागे लागलं. बाबांनी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली आणि आयुष्यभर पेटी वाजवली. गुरुवारच्या भजनाला, गल्लीतल्या गणपतीत, कोणाच्या मुलीच्या परीक्षेला साथ म्हणून. त्यांना नोटेशन येत नाही. पण मंगल कार्यालयातला जनरेटर कुठल्या सुरात घुमतोय ते ते न विचारता सांगतात आणि ते चुकल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. त्या माणसाच्या कानाला मी फोनवरची एक ओळ वाचून खोडलं होतं. आणि खोडलं तेही चुकीचं, कारण जे त्यांनी ऐकलं ते मी विसरले होते. विसरले होते म्हणण्यापेक्षा, मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी आठवलं नाही. जुनी युरोपियन वाद्यं वाजवणारे आज आपला मूळ सूर खाली धरतात. आपल्या पेटीची पांढरी सहा मध्य सप्तकात सेकंदाला 440 कंपनांवर लावलेली असते; ही मंडळी तिला 415 वर आणतात, म्हणजे जवळजवळ बरोबर एक पट्टी खाली. मग ल्यूटवाला ज्याला बी फ्लॅट म्हणतो तो स्वर आपल्या पेटीवर नेमका पांढरी सहा होऊन बसतो. कागदावर काळी पाच, हवेत पांढरी सहा. आम्ही दोघंही बरोबर होतो असं म्हणता येईल, पण ऐकून बरोबर असलेले एकटे बाबा होते.

ही रचना मी पहिल्यांदा ऐकली ती ड्रेस्डेनमध्ये. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तिथे तीन वर्षं होतो आणि पहिल्या हिवाळ्यात चार वाजता पडणाऱ्या अंधाराने मी पार खचले होते. नदीपलीकडच्या भागात एका चर्चच्या बाजूच्या खोलीत कार्यक्रम होता. पंचवीस-तीस लोक, ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, आणि मधे एका साध्या खुर्चीवर वादक. ते वाद्य जवळून पाहिलं तेव्हा मला मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीची इतकी तीव्र आठवण झाली की घसा दाटला. लहानपणी बाबा मला तिथे न्यायचे. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांची उतरंड, लाखेचा वास, आणि जवारी लावताना तो कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कान लावून बसायचा ते दृश्य. ल्यूटचा भोपळा खरा भोपळा नसतो, लाकडाच्या पातळ पट्ट्या फाकींसारख्या जोडून तो केलेला असतो. पण पाठीमागून बघितलं तर अर्धा चिरलेला भोपळाच. तारा पूर्वी सारंगीसारख्या आतड्याच्या, म्हणजे तातेच्या. पडदेही तातेचेच, दांडीला बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे. वाइसच्या काळातल्या मोठ्या ल्यूटला तेरा जागी तारा असतात. पहिल्या दोन एकेकट्या, बाकी अकरा जोडतारा, मिळून चोवीस. चोवीस तारा, चोवीस खुंट्या. आणि त्या खुंट्या पिळण्यातच त्या संध्याकाळचा बराच वेळ गेला.

हॅम्बुर्गचा योहान माटेझोन नावाचा एक संगीतपंडित होता. त्याने 1713 मध्ये लिहून ठेवलं की एखादा ल्यूटवादक ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ वर्षं त्याने सूर जुळवण्यात घालवलेली असणार. वाइसला माटेझोनची ल्यूटबद्दलची मतं चांगलीच झोंबली असावीत, कारण 1723 मध्ये त्याने माटेझोनला ल्यूटची बाजू घेणारं पत्र लिहिलं. मी वाइसच्या बाजूची आहे. त्या खोलीत दोन रचनांच्या मधे वादक खाली मान घालून एकेक तार उतरवत होती तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. तंबोरे जुळत असताना बैठकीत जी शांतता असते तीच. आपल्याकडे तंबोरा जुळेपर्यंतचा वेळ मैफलीतच धरतात; तो फुकट गेला असं कोणाला वाटत नाही.

पण ती इतका वेळ नेमकं काय करत होती हे मला कार्यक्रम संपल्यावर तिनेच दाखवलं. मी चहाचा कागदी पेला हातात घेऊन तिच्याशेजारी उभी राहिले आणि बिचकत विचारलं, मधे एवढं का उतरवलंत? तिने ल्यूट परत मांडीवर घेतलं. पुढचं मी माझ्या भाषेत सांगते, कारण तेव्हाही मी ते मनात सारेगमच्या भाषेतच समजून घेतलं होतं. वरच्या सहा तारा ज्या बोटांनी दाबून वाजवतात, त्या मोकळ्या सोडल्या की एफ, डी, ए आणि पुन्हा एफ, डी, ए अशा बोलतात. म्हणजे ते वाद्य जन्मजात डी मायनरमध्ये जुळलेलं असतं. डी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा होतात कोमल गंधार, षड्ज, पंचम. सगळ्या घरच्या. हात नुसता फिरवला तरी वाद्य गुंजतं. आता षड्ज बी फ्लॅटवर न्या. त्याच तारा आता पंचम, शुद्ध गंधार, शुद्ध निषाद होतात. आणि रचना तर मायनर, म्हणजे कोमल गंधाराची. डीच्या दोन्ही तारा मोकळ्या वाजवायची सोयच उरली नाही. वाजली की शुद्ध गंधार उमटणार आणि सगळं मोडणार. कोमल गंधार हवा तर तो शेजारच्या ए तारेवर चौथ्या पडद्यावर जाऊन शोधायचा. ए तार मोकळी फक्त षड्जाला चिकटताना चालते, एरवी निषादही कोमल हवा. पूर्ण हक्काच्या उरल्या दोन एफ तारा, एकटा पंचम. खाली अंगठ्याने वाजणाऱ्या खर्जाच्या ज्या सात जोडतारा दाबायच्या नसतातच, त्या मात्र त्या त्या षड्जाप्रमाणे उतरवून किंवा चढवून घ्यायच्या. ती तेच करत होती. आपण रागाप्रमाणे सतारीच्या तरफा लावतो किंवा मालकंसाला तंबोऱ्याचा पंचम उतरवून मध्यम करतो, तसंच.

तिने दोन्ही वाजवून दाखवलं. आधी डी मायनरमधला साधा स्वरमेळ, मोकळ्या तारांचा. खोलीभर भरला. मग बी फ्लॅट मायनरमधला, तिन्ही-चारही बोटं आवळून धरलेला. तोच मायनर, तीच स्वरांमधली अंतरं, पण आवाज जणू तोंडावर पदर धरून आला. जिथे बोट दाबतं तिथे तार लवकर विझते. आजूबाजूच्या मोकळ्या तारा ज्या एरवी आपणहून साथ देतात, त्या गप्प. तिच्या डाव्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

दुःख आहे ते इथे आहे, असं मला त्या वेळी वाटलं. स्वरांच्या नावात नव्हे, हातात.

आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपला षड्ज फिरता. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चारमध्ये, तोडी तीच राहते. बाबांना मी हे कधी सांगितलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, पट्टी बदलली म्हणून चीज बदलते काय? युरोपातल्या विद्वानांनी मात्र प्रत्येक पट्टीला स्वभाव चिकटवून याद्या केल्या. ही गंभीर, ती लाडिक, तिसरी रागीट. याच माटेझोनने 1713 च्या त्याच पुस्तकात सतरा पट्ट्यांचे स्वभाव लिहिले आणि त्या सतरांत बी फ्लॅट मायनर नाहीच. मला या याद्या कधी पटल्या नाहीत. घरातल्या माणसांचे स्वभाव जन्मराशीवरून सांगावेत तसं ते वाटतं. पण ल्यूटवर पट्टीला स्वभाव असतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं कारण कुठल्या यादीत नाही, ते तारांच्या जुळणीत आहे. वाइसने पुन्हापुन्हा हेच केलं. 1719 च्या मार्चमध्ये त्याचा प्रागचा स्नेही बॅरन हार्टिग वारला, त्याच्यासाठी लिहिलेली शोकरचना ई फ्लॅट मायनरमध्ये आहे. तिथे तर वरच्या सहा तारांतली एकही मोकळेपणी घरची म्हणता येत नाही. 1721 मध्ये काउंट लोझी गेला, त्याच्यासाठी ही बी फ्लॅट मायनरमधली. ज्या माणसाला आपल्या वाद्याची नस अन् नस माहीत होती, ज्याने शेकडो रचना मोकळ्या तारांना खुलवत लिहिल्या, त्याने स्नेह्यांच्या मरणावर लिहिताना आपल्या वाद्याचं बोलणं आवळून धरलं. मुद्दाम. मी या माणसाबद्दल जेवढा विचार करते तेवढी या एका गोष्टीवर येऊन थांबते.

या प्रकाराला फ्रेंचमध्ये तोंबो म्हणतात. तोंबो म्हणजे थडगं, समाधी. सतराव्या शतकात पॅरिसच्या ल्यूटवादकांनी गुरूच्या किंवा मित्राच्या मृत्यूवर अशी रचना करायची चाल पाडली. शब्द नाहीत, देवाचं नाव नाही, नुसती तारांवर बांधलेली समाधी. त्यातली एक ल्यूटची नाही पण ल्यूटवाल्याची आहे. ब्लांक्रोशे नावाचा पॅरिसचा वादक 1652 मध्ये जिन्यावरून पडून गेला. फ्रोबेर्गर नावाच्या जर्मन रचनाकाराने त्याच्यासाठी हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, तोंबो लिहिला आणि शेवटी वरच्या सप्तकातून एक सरळ आरोही नव्हे, अवरोही तान खाली, खाली, तळाशी सोडली. एवढंच. पहिल्यांदा कारण न कळता ती ऐकली आणि दुसऱ्यांदा जिना ठाऊक असताना ऐकली. दुसऱ्या वेळी मी स्पीकर बंद केला. याच रचनेवर त्याने वाजवणाऱ्याला सूचना दिली आहे की हे फार सावकाश, आपल्या मनाप्रमाणे आणि कुठलाही ठेका न पाळता वाजवावं.

ठेका न पाळता. लयीबद्दलचा माझा सगळा गोंधळ या सूचनेपाशी सुरू होतो. लोझीच्या तोंबोची माझ्याकडे चार ध्वनिमुद्रणं आहेत. सगळ्यांनी तेच स्वर वाजवलेत, आणि लांबीत मिनिटांचा फरक. तेव्हा लय मोजून देणारा मेट्रोनोम नव्हता. त्याचं पेटंट घेतलं जायलाच 1815 उजाडावं लागलं. क्वांट्स नावाचा बासरीवादक ड्रेस्डेनच्या दरबारात वाइसचा सहकारी होता. 1723 च्या उन्हाळ्यात दोघं मिळून प्रागला राज्याभिषेकाच्या ऑपेरात वाजवायलाही गेले होते. या क्वांट्सने 1752 मध्ये आपल्या ग्रंथात लय मोजायला माणसाची नाडी सुचवली. दुपारच्या जेवणानंतरची, निरोगी, उत्साही माणसाची, मिनिटाला साधारण 80 ठोक्यांची. फार संथ रचनेत एका लहानशा स्वरालाही असे दोन ठोके द्यावेत म्हणतो. मला हे वाचून किती हायसं वाटलं! लाकडी पेटीतल्या लंबकापेक्षा मनगट बरं. पण शोक करणाऱ्याची नाडी कुठली धरायची, हे त्याने सांगितलेलं नाही. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी तिचं मनगट धरून बसत असे. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि बोटाखालची ती धडधड यांचा मेळ बसत नसे. कधी पुढे पळायची, कधी दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा सोडायची की माझाच श्वास अडकायचा.

ल्यूटवर लय ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती क्वांट्सच्या नाडीपेक्षाही खरी वाटते. ल्यूटचा स्वर छेडला की लगेच मरायला लागतो. गळ्यासारखा, सारंगीसारखा तो धरून ठेवता येत नाही. पेटीसारखं भात्याने त्याला जगवता येत नाही. आणि वरच्या दाबलेल्या तारा लवकर विझतात, तर खालच्या मोकळ्या खर्जाच्या तारा पुष्कळ वेळ घुमत राहतात. वाजवणारा फार सावकाश गेला तर वरचा धागा तुटतो, दोन स्वरांमधे नुसती पोकळी. लवकर गेला तर खालचा खर्ज आधीच्या खर्जावर चढतो आणि सगळं गढूळ. म्हणजे पुढचा स्वर कधी घ्यायचा हे आधीचा स्वर कसा मरतो त्यावर ठरतं. थंडीत तात वेगळी, दमट हवेत वेगळी. चर्चमध्ये वेगळी, गाद्यागिरद्यांच्या खोलीत वेगळी. माझ्या चार ध्वनिमुद्रणांतला तो मिनिटांचा फरक मला आता मतभेद वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या खोलीतला, आपल्या तारेवरचा स्वर विझेपर्यंत वाट पाहिली आणि मग पाऊल टाकलं. त्यातलं एक ध्वनिमुद्रण मला नावडतं. त्यात वाट पाहिलेली नाही, मोजलेली आहे.

वाट पाहण्याबद्दलच लोझीची एक आठवण सांगतात. हा लोझी प्रागचा श्रीमंत सरदार, स्वतः ल्यूट उत्तम वाजवायचा. वाजवताना किंवा ऐकताना एखादा नाजूक विसंवादी स्वर आला, म्हणजे शेजारच्याला घासून, टोचून उभा राहणारा, की तो तिथेच थबकायचा. पुन्हा वाजवायचा. आणि इटालियनमध्ये म्हणायचा, हा सोन्याचा स्वर. गोड स्वराला नव्हे, खुपणाऱ्या स्वराला सोन्याचा म्हणणारा माणूस. वाइसला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याच्या मरणावर लिहिलेल्या रचनेत पावलोपावली असे स्वर पेरलेले आहेत. आधीच्या स्वरमेळातला एक स्वर सोडवतच नाही, खाली खर्ज बदलतो, तो वरचा तसाच अडून राहतो, टोचतो, आणि फार उशिरा एक पायरी उतरतो. आपल्याकडे बैठकीत समोरचा रसिक ज्या जागेला हमखास दाद देतो ती जागा गायकाला पाठ असते. तो रसिक गेल्यावरही गायक त्या जागेवर क्षणभर त्याच्या खुर्चीकडे बघतो. मला वाटतं वाइस तसाच बघत होता. हे सिद्ध करता येणार नाही आणि मला करायचंही नाही.

वाइसच्या हाताबद्दल एक भयंकर गोष्ट नोंदलेली आहे. लोझी गेल्याच्या पुढच्याच वर्षी, 1722 मध्ये, एका व्हायोलिनवादकाने त्याच्या अंगठ्याचा लचका तोडायचा प्रयत्न केला. चावून. तो बरा झाला, पुढे वाजवत राहिला. 1739 मध्ये लाइप्झिगला जाऊन बाखच्या घरीही वाजवून आला, आणि दोघंही एकाच वर्षी, 1750 मध्ये गेले. पण मी ही रचना ऐकताना अंगठा विसरू शकत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यानेच त्या खर्जाच्या तारा वाजतात. वरची बोटं दबलेल्या, कुंद तारांवर कण्हत असतात आणि खाली अंगठा एकटा, सावकाश, मोकळ्या तारेवर पडतो. या रचनेत मोकळं बोलायची परवानगी जवळजवळ त्या एकट्यालाच आहे. दिंडी पुढे गेल्यावर मागे कोणीतरी एकच टाळ वाजवत यावा तसा तो येतो.

हे सगळं पुण्याच्या घरात बसून मी वाचत होते, ऐकत होते, वहीत लिहीत होते, आणि मिरजेच्या दुपारचं ते "असेल" तसंच होतं. फोनवर दर दोन दिवसांनी बाबांशी बोलणं व्हायचं. औषध घेतलं का, स्वयंपाकाच्या बाई आल्या का, गॅस लागला का. पट्टीचा विषय मी काढला नाही. एका रात्री धाकट्या मावशीचा फोन आला. आईच्या जुन्या फिती तिच्याकडे निघाल्या होत्या, त्यांचं काय करायचं म्हणून. बोलता बोलता ती म्हणाली, ताई गायला बसली की भाऊजी विचारायचेसुद्धा नाहीत, थेट काळी पाच धरायचे. तिची पट्टी तीच ना गं.

मी फोन ठेवला आणि दिवा न लावता बसून राहिले.

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या सगळ्या लहानपणावर तो सूर पसरलेला आहे. गुरुवारी संध्याकाळी बाबा भाता मोकळा करून तोच एक सूर धरून ठेवायचे, आई पदर खोचत आतून यायची, उदबत्ती लावायची, खाली बसून घसा साफ करायची, आणि एवढा वेळ तो सूर तिची वाट बघत चालू असायचा. पण मी त्याला कधी काळी पाच म्हटलं नव्हतं. तो आईचा सूर होता, त्याला वेगळं नाव कशाला लागतं. मी त्या दुपारी "काळी पाच" म्हटलं ते फोनवरच्या इंग्रजी अक्षराचं भाषांतर म्हणून. बाबांनी ते कसं ऐकलं असेल? तीन महिन्यांनी त्यांनी पेटी उघडली, स्वतःहून, परक्या देशाच्या कोणा परक्या माणसाचा सूर ऐकून, आणि पांढरी सहावर बोट ठेवलं. शेजारच्याच पट्टीवर. आणि पोरीने म्हटलं, नाही, काळी पाच. मला इतके दिवस वाटत होतं की त्यांचा कान खोडल्याचं त्यांना लागलं. तसंही असेल. दोन्ही असेल. त्यांना विचारायची माझी छाती नाही.

दिवाळीला गेले तेव्हा सांगितलं एवढंच, की बाबा, तुम्ही बरोबर होतात, ते वाद्य एक पट्टी खाली लावलेलं असतं. ते ओसरीवर पणत्यांच्या वाती वळत होते. "मला ठाऊक होतं," म्हणाले. वात तळहातावर पुरी वळून झाल्यावर विचारलं, "पण मग तो काळी पाच कशाला म्हणतो?" मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सहा वाती ओळीने मांडल्या आणि ल्यूटच्या तारा दाखवल्या. या दोन पंचमाच्या, या दोन शुद्ध गंधाराच्या, या दोन निषादाच्या, आणि गायचाय कोमल गंधार. बाबा पुढे वाकले. त्यांनी गंधाराच्या दोन वाती उचलून बाजूला ठेवल्या. मग थोडा विचार करून निषादाच्याही थोड्या मागे सरकवल्या. उरलेल्या दोन पंचमांकडे बघत म्हणाले, "एवढ्यावर कसं वाजवलं त्यानं?" मी म्हटलं, बाकीचे दाबून. "बोटं दुखत असतील." "दुखतात," मी म्हटलं, "मी पाहिलंय."

रात्री त्यांनी पेटी काढली. या वेळी खोळ मी ओढली. स्पीकरवर ल्यूट लावू का विचारलं तर हाताने थांब म्हणाले. त्यांचा उजवा हात अलीकडे कापतो, आणि काळ्या पट्ट्या अरुंद, कोमल गंधाराला जाताना बोट घसरलं. पुन्हा गेलं, बसलं. षड्ज, कोमल गंधार, पंचम. काळी, काळी, पांढरी. खालचा षड्ज डाव्या हाताने लावावा तर भाता कोणी मारायचा, म्हणून मी पलीकडे बसून भाता धरला. लहानपणी मला हे करू देत नसत, मी हवा एकदम सोडते म्हणून. "भरू नको," ते म्हणाले. "असू दे. जाऊ दे त्याला." मी हात थांबवला. तिन्ही-चारही सूर एकदम, मग कातर होत, मग एकेक करून बसत गेले. सर्वांत शेवटी खर्ज, तो बराच वेळ, नुसत्या पट्टीच्या थरथरीसारखा. बाबांची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली नव्हती. बाहेर कोणाचा तरी भुईचक्र संपल्याचा सुरसुरता आवाज आला. ते ऐकत होते. मग मान न वळवता म्हणाले, "आता लाव त्याचं."

मी फोन हातात घेतला.